पोटातील जंतूचा कोर्स संपल्यानंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जठरातील एच. पायलोरी या जंतूवरचे उपचार घेतलेल्या नाशिक शहरातील व जिल्ह्यातील रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. गोळ्या चालू असतात तोवर रुग्णाचे लक्ष वेळापत्रकाकडे असते. खऱ्या शंका कोर्स संपल्यावर सुरू होतात आणि तेव्हा डॉक्टरांची पुढची भेट अनेकदा महिनाभर लांब असते. पोटाला बरे वाटणे आणि जंतू गेलेला असणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची शहानिशाही वेगवेगळी करावी लागते; खालील बहुतेक उत्तरे या एका मुद्द्याशी येऊन मिळतात. माहिती प्रौढ रुग्णांपुरती आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि किडनीचा किंवा यकृताचा आजार असलेले रुग्ण यांनी प्रत्येक बाब आपल्या डॉक्टरांनाच विचारावी.

चौदा दिवसांचा कोर्स एकही गोळी न चुकवता पूर्ण केला. आता जंतू गेला असे समजायचे का?

तसे समजू नये. कोर्स नीट पूर्ण केल्याने यशाची शक्यता पुष्कळ वाढते, परंतु खात्री होत नाही. हा जंतू जठराच्या आतील चिकट थरात राहतो, स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लापासून आपला बचाव करतो, आणि म्हणूनच त्याला घालवण्यासाठी दोन किंवा तीन अँटिबायोटिके, आम्ल कमी करणारी गोळी आणि पुष्कळदा बिस्मथ अशी एकत्रित योजना करावी लागते. त्यातील क्लॅरिथ्रोमायसिन, मेट्रोनिडाझोल आणि लिव्होफ्लॉक्सासिन या औषधांना दाद न देणारे जंतू आपल्याकडे बरेच आढळतात. याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. जुलाब झाले की मेट्रोनिडाझोलची आणि खोकला झाला की हाताशी असेल त्या अँटिबायोटिकची चार-सहा गोळ्यांची पट्टी चिठ्ठीशिवाय घेण्याची सवय आपल्या घराघरांत वर्षानुवर्षे आहे. अशा अर्धवट मात्रांना तोंड देत टिकलेला जंतू तुमच्या पोटात होता की नाही, हे कोर्स संपल्यावरची तपासणीच सांगू शकते.

ही तपासणी नेमकी केव्हा करायची? काही ठिकाणी लगेच करतात, काही ठिकाणी दोन महिन्यांनी करतात.

दोन अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. शेवटच्या अँटिबायोटिक गोळीनंतर, तसेच बिस्मथ घेतले असल्यास त्यानंतरही, किमान चार आठवडे गेले पाहिजेत. आणि तपासणीच्या आधी किमान दोन आठवडे पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल यांसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या बंद असल्या पाहिजेत. अलीकडे वापरात आलेल्या व्होनोप्राझानलाही हीच दुसरी अट लागू होते. उदाहरणार्थ, शेवटचे अँटिबायोटिक १ जूनला घेतले असेल, तर २९ जूनपूर्वी तपासणी करू नये आणि आम्लाची गोळी निदान १५ जूनपासून बंद असावी. आठ आठवड्यांनी तपासणी केली तरी काही बिघडत नाही. घाई केली, तर मात्र बिघडते.

कारण असे की उपचारातून वाचलेले थोडेसे जंतू सुरुवातीला इतके कमी आणि निस्तेज असतात की तपासणीत सापडत नाहीत, आणि आम्लाची गोळी चालू असेल तर ते आणखी दबून राहतात. अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो, घरात पेढे वाटले जातात आणि काही महिन्यांनी तोच त्रास पुन्हा उभा राहतो. गोळी बंद न करता केलेल्या तपासणीचा निगेटिव्ह अहवाल भरवशाचा नसतो. तो फाइलमध्ये ठेवला तरी त्यावर निर्णय घेऊ नये. पॉझिटिव्ह अहवाल मात्र आम्लाची गोळी चालू असली तरी गांभीर्यानेच घ्यावा.

जठरातील अल्सरसाठी किंवा हृदयविकाराच्या औषधांबरोबर संरक्षण म्हणून आम्लाची गोळी चालू असेल, तर ती स्वतःहून बंद करू नये. अशा वेळी तपासणी पुढे ढकलता येते.

श्वासाची तपासणी, शौचाची तपासणी, रक्ताची तपासणी, दुर्बीण. यांतील कोणती करावी?

श्वासाची किंवा शौचाची. श्वासाच्या तपासणीत उपाशीपोटी युरिया असलेले द्रावण किंवा कॅप्सूल देतात. जंतू असल्यास तो युरियाचे विघटन करतो आणि त्यातील खुणेचा कार्बन उच्छ्वासात मिळतो. खुणेसाठी कार्बन-१३ वापरला असेल तर त्यात किरणोत्सर्ग नसतो. कार्बन-१४ मध्ये तो अत्यल्प असतो, म्हणून गरोदर स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी तो टाळतात. शौचाच्या तपासणीत जंतूचे प्रथिन शोधतात. ती सोपी असून लांबच्या रुग्णांना सोयीची पडते, मात्र नमुना ताजा असावा, थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा, आणि पातळ जुलाब होत असताना तो देऊ नये. सुरगाणा किंवा पेठहून नमुना घेऊन उन्हाळ्यात एसटीने येणाऱ्यांनी आधी प्रयोगशाळेत फोन करून कसा आणायचा ते विचारून घ्यावे.

रक्ताची तपासणी या कामासाठी निरुपयोगी आहे. तीत जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजली जातात, आणि जंतू गेल्यानंतरही ती कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात राहतात. उपचारानंतर रक्त ‘पॉझिटिव्ह’ आले म्हणून पुन्हा अँटिबायोटिकांचा कोर्स घेणे चुकीचे आहे. दुर्बिणीतून पुन्हा पाहण्याची गरज जठरातील अल्सर, रक्तस्राव किंवा बायोप्सीत, म्हणजे जठरातून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, काही शंकास्पद आढळणे अशा ठरावीक कारणांसाठीच असते. ती करायचीच असेल, तर त्याच वेळी जठराच्या दोन वेगवेगळ्या भागांतून तुकडे घेऊन जंतूचीही तपासणी होऊ शकते.

तपासणीसाठी पँटोप्राझोल बंद केले आणि चौथ्या दिवशी आधीपेक्षा जास्त जळजळ सुरू झाली. जंतू परत वाढला का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि सर्वाधिक घाबरवतोही. अशी जळजळ म्हणजे जंतू परतल्याचे लक्षण आहे, असे मुळीच नाही. आम्ल तयार होणे कित्येक आठवडे दाबून ठेवले की गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढते, आणि गोळी थांबताच जठर काही काळ नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करते. हा उसळणारा त्रास बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. नेमक्या याच काळात लोक गोळी पुन्हा सुरू करतात, तपासणी बिघडते, आणि पुन्हा नव्याने दिवस मोजायची वेळ येते.

मधल्या काळात तग धरण्यासाठी साधी अँटासिड द्रावणे चालतात. डॉक्टरांना विचारून फॅमोटिडिनसारखी गोळीही घेता येते, पण ती तपासणीच्या आदल्या दिवसापासून बंद ठेवावी. खाण्याचा सोडा किंवा फसफसणारी चूर्णे रोज घेऊ नयेत. त्यांतील सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला बाधते. रात्री जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवणे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करणे, हे साधे उपाय या काळात गोळीइतकेच उपयोगी पडतात.

पोट पूर्ववत व्हायला साधारण किती दिवस लागतात?

पोटात काय बिघडले होते, त्यावर ते अवलंबून आहे. ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातला अल्सर असेल, तर जंतू गेल्यावर तो लवकर भरतो आणि रिकाम्या पोटी किंवा पहाटे उठवणारे दुखणे बहुधा कोर्सच्या काळातच कमी झालेले असते. जठरातला अल्सर सावकाश भरतो. त्यासाठी आम्लाची गोळी साधारण आठ आठवडे देतात आणि तो भरला की नाही हे दुर्बिणीने पुन्हा पाहतात. जठराची सूज मात्र महिनोन्‌महिने हळूहळू उतरते.

याशिवाय अँटिबायोटिकांनी आतड्यांतील उपयोगी जंतूंचीही वाताहत झालेली असते. पोट फुगणे, गुडगुडणे, कधी पातळ तर कधी घट्ट शौच, थोडेसे खाल्ल्यावर भरल्यासारखे वाटणे हा त्रास कोर्सनंतर काही आठवडे टिकू शकतो. एखादा आठवडा चांगला जातो आणि पुढचा वाईट. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. त्यामुळे कालच्या दिवसाशी आजची तुलना करण्यापेक्षा मागच्या महिन्याशी करावी.

तपासणी योग्य वेळी केली, निगेटिव्ह आली, तरीही पोट दुखते. मग उपचाराचा उपयोग काय झाला?

दुर्बिणीत अल्सर नसताना केवळ अपचनाच्या तक्रारीसाठी या जंतूवर उपचार केले, तर साधारण १२ ते १४ रुग्णांमागे एकालाच जंतू गेल्यामुळे अधिकचा आराम पडतो, असे आजवरच्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. तो आरामही सहा महिने ते वर्षभराने स्पष्ट होतो. हा आकडा रुग्णाला कोर्सपूर्वीच सांगितला जायला हवा असे मला वाटते. तसे झाले तर निम्मा मनस्ताप वाचेल.

याचा अर्थ असा, की अनेकांच्या पोटात जंतू होता आणि त्रासही होता, परंतु त्रासाचे कारण जंतू हे नव्हते. जठराची हालचाल मंद असणे, जठराच्या नसा अतिसंवेदनशील असणे, चिंता, अपुरी झोप, पित्ताशयातील खडे, आम्ल अन्ननलिकेत वर येणे, लिव्हरचे किंवा मधुमेहाचे काही प्रश्न, अशी वेगळी कारणे मग तपासावी लागतात. निगेटिव्ह अहवालानंतर पुन्हा ‘जंतूचाच’ कोर्स मागणे हा त्यावरचा मार्ग नाही. उपचाराचा दुसरा उपयोग पुढच्या काळासाठी असतो: अल्सर पुन्हा होण्याची आणि जठराच्या कर्करोगाची जोखीम त्यामुळे कमी होते, आणि पोट दुखत राहिले तरी हा फायदा टिकून राहतो.

तोंडाची कडवट धातूसारखी चव, काळी जीभ, काळा शौच, पातळ जुलाब. हे कधी थांबेल?

धातूसारखी चव क्लॅरिथ्रोमायसिन किंवा मेट्रोनिडाझोलमुळे येते आणि औषध थांबल्यावर काही दिवसांत जाते. बिस्मथमुळे जीभ व शौच काळे पडतात. तेही काही दिवसांत पूर्ववत होते. तोंडात पांढरा थर धरला, गिळताना दुखू लागले किंवा स्त्रियांना योनिमार्गात खाज व पांढरा स्राव सुरू झाला, तर ती अँटिबायोटिकांनंतर होणारी बुरशी असू शकते. तिच्यावर सोपे उपचार आहेत, पण संकोचामुळे अनेक स्त्रिया ते सांगत नाहीत.

जुलाबाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. दिवसातून दोन-तीनदा पातळ शौच होणे सामान्य आहे. मात्र कोर्स संपल्यानंतर काही आठवड्यांतही पाण्यासारखे वारंवार जुलाब, त्यांबरोबर ताप, पोटात पिळवटून दुखणे किंवा शौचात रक्त असे होऊ लागले, तर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या दुसऱ्याच जंतूची शक्यता असते. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नये, डॉक्टरांकडे जावे.

कोणत्या लक्षणांसाठी थांबू नये?

बिस्मथ बंद होऊन आठवडा लोटला तरी डांबरासारखा काळा, चिकट, दुर्गंधी शौच होणे. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. पोटात अचानक तीव्र कळ येऊन पोट लाकडासारखे कडक होणे. उभे राहताच अंधारी येणे. यांपैकी काहीही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात तातडीने जावे. शहरात असाल तर त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा रुग्णालय सर्वांना माहीत आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ते डांबरासारखे चिकट नसते. विनाकारण वजन उतरणे, घास अडकणे आणि सतत उलट्या यांसाठी रुग्णवाहिका लागत नाही, मात्र त्याच आठवड्यात तज्ज्ञांना दाखवावे.

मिसळ केव्हा खाता येईल?

नाशिकमध्ये हा प्रश्न टाळून चालत नाही. तिखटाने अल्सर होत नाही आणि तिखट सोडल्याने जंतू मरत नाही. मात्र सुजलेल्या जठराला तिखट आणि तेल दोन्ही झोंबतात, आणि काळ्या मसाल्याची तर्री, फरसाण, वर पापड आणि शेवटी चहा, असा रविवारचा सकाळचा बेत रिकाम्या पोटी झाला तर त्रास बहुधा तर्रीतल्या मिरचीइतकाच तेलामुळे आणि खाण्याच्या घाईमुळेही होतो. पहिले तीन-चार आठवडे ती टाळावी. त्यानंतर घरी केलेली, कमी तेलाची, मोड आलेल्या मटकीची मिसळ अर्ध्या प्रमाणात खाऊन पाहावी. मोड आलेल्या कडधान्यांनी पोट फुगत असेल, तर आणखी थोडे थांबावे.

सुरुवातीच्या दिवसांत मऊ भात, तूप, मेतकूट, मुगाचे वरण, मुगाची खिचडी, दुधी, दोडका, पडवळ, शिजवलेले गाजर, ज्वारीची किंवा नागलीची मऊ भाकरी, अंडे, वाफवलेले मासे असे अन्न सोसते. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडे थोडे चार-पाच वेळा खाणे बहुतेकांना मानवते. ताक आणि दही चालते. कोर्सनंतरचे जुलाब त्यामुळे काहींना कमी होतात, मात्र दह्याने एच. पायलोरी जातो असा समज कोणी करून घेऊ नये. जळजळ शमवायला दर तासाला दूध पिणे ही जुनी रीत आता सोडून द्यावी. दूध क्षणभर शांत करते आणि नंतर जठराला आणखी आम्ल तयार करायला लावते.

पथ्याची यादी वर्षभर चालवणे मात्र योग्य नाही. केवळ भात आणि दूध यांवर राहून अशक्त झालेले रुग्ण दिसतात, आणि त्यांच्या अशक्तपणाचाही दोष पुन्हा जंतूच्या माथी मारला जातो. ज्या पदार्थाने तुम्हाला दोन-तीनदा निश्चित त्रास झाला तेवढाच टाळावा, बाकीचे जेवण घरातल्या सर्वांबरोबर करावे.

चहा, उपास आणि रात्रपाळी यांचे काय?

चहा बंद करण्याची गरज नसते; उपाशीपोटी पहिला चहा घेणे तेवढे सोडावे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांची अडचण खरी आहे, कारण त्यांची रात्र चहा-बिस्किटांवर जाते आणि मुख्य जेवण सकाळी झोपण्याआधी होते. त्यांनी पाळीवर निघताना जेवावे, मध्यरात्री डब्यातले काही घन खावे आणि सकाळी हलके खाऊनच झोपावे.

निर्जळी उपास पहिले दोन महिने करू नयेत. एकादशी-चतुर्थी करायचीच असेल, तर साबुदाण्याची तेलकट खिचडी आणि तळलेले वडे यांपेक्षा भगर, ताक, राजगिरा, केळी, उकडलेले रताळे बरे. सप्तशृंगगडावर पायी जाण्याचा नवस असेल, तर तो पुढच्या यात्रेला फेडता येईल.

वाइन किंवा दारू केव्हा चालेल? तंबाखूचा याच्याशी काय संबंध?

मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल घेतले असेल, तर शेवटच्या गोळीनंतर किमान तीन दिवस मद्याचा थेंबही घेऊ नये. उलट्या, धडधड, चेहरा लाल होणे असा त्रास होऊ शकतो. त्यानंतरही अल्सर भरल्याचे निश्चित होईपर्यंत मद्य टाळावे. नाशिकच्या द्राक्षांची असली तरी वाइन ही सुजलेल्या जठराच्या दृष्टीने आम्ल आणि अल्कोहोलच आहे.

धूम्रपानामुळे अल्सर भरायला वेळ लागतो आणि कोर्स अपयशी होण्याची शक्यताही वाढते. तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांचा रस पोटात जातोच. दुसऱ्यांदा कोर्स घ्यावा लागणार असेल, तर तंबाखू सोडण्यासाठी त्याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.

सांधे किंवा कंबर दुखते. वेदनाशामक गोळी घेऊ का?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्या जंतू नसतानाही अल्सर करू शकतात. अल्सर झालेल्या रुग्णाने त्या डॉक्टरांच्या स्पष्ट सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. ताप आणि साध्या दुखण्यासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल पुरेसे असते. द्राक्षबागांत छाटणीच्या हंगामात दिवसभर हात वर करून काम करणारे मजूर संध्याकाळी पुडीत बांधून मिळणाऱ्या दोन-तीन गोळ्या एकत्र घेतात, आणि त्या पुडीत बहुधा यांतलीच एखादी गोळी असते. असे रुग्ण ‘मी कोणतेच औषध घेत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतात. घरच्यांनी ही पुडी डॉक्टरांना दाखवावी. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवू नये. ती थांबवण्याची जोखीम अधिक मोठी असू शकते.

जंतू राहिलाच असेल तर लसूण, मध, ओवा किंवा आयुर्वेदिक औषधाने जाईल का?

ओवा, जिरे, आले यांनी वायू सरतो, बरे वाटते आणि जेवणात ते असावेतच. लसूण, मध किंवा हळद यांनी माणसाच्या जठरातून हा जंतू निश्चितपणे नाहीसा होतो, असे सिद्ध झालेले नाही. अविपत्तिकर चूर्ण घेणार असाल तर त्याने शौच पातळ होतो हे लक्षात ठेवावे, आणि तपासणीच्या आधीच्या आठवड्यांत ते घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. सूतशेखर रसात पारा असतो. अशी रसौषधे ओळखीच्या वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, शेजाऱ्यांच्या अनुभवावर नव्हे.

घरातल्या सर्वांची तपासणी करावी का? भांडी वेगळी ठेवायची का?

भांडी वेगळी ठेवू नयेत. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या निकटच्या सहवासातून लागलेला असतो. तो लाळ, उलटी आणि शौच यांच्या मार्गे पसरतो असे मानले जाते. साबणाने घासलेल्या ताटातून तो लागण्याची भीती बाळगायचे कारण नाही. आईला किंवा सुनेला स्वयंपाकघरातून दूर ठेवण्याचे प्रकार घडतात, ते निव्वळ अज्ञान आहे. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणे, दुसऱ्याचा टूथब्रश न वापरणे आणि बाळाला स्वतःच्या तोंडात चावलेला घास न भरवणे एवढे पुरे.

घरातील प्रौढांपैकी ज्यांना अपचनाचा जुना त्रास, अल्सर किंवा न उलगडलेला रक्तक्षय आहे, अथवा जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग झालेला आहे, त्यांनी तपासणी करून घ्यावी. एकत्र राहणाऱ्या सर्व प्रौढांची तपासणी करावी, असा कल अलीकडे काही देशांतील तज्ज्ञांमध्ये दिसतो. काहीही त्रास नसलेल्या लहान मुलांची तपासणी मात्र करू नये.

पाण्यातून पुन्हा संसर्ग होऊ शकतो का?

पाणी हा या जंतूच्या प्रसाराचा एक संभाव्य मार्ग मानला जातो. क्लोरिनच्या नेहमीच्या मात्रेला हा जंतू सहसा टिकत नाही, त्यामुळे गंगापूर धरणातून येऊन शुद्धीकरण केंद्रातून शहराला मिळणाऱ्या पाण्यापेक्षा ते पाणी पुढे कशात साठवले जाते, याकडे अधिक लक्ष द्यावे. इमारतीची न धुतलेली टाकी आणि पिंपात बुडवलेला हाताचा ग्लास या दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात. पश्चिमेकडील तालुक्यांत उन्हाळ्यात विहिरी आणि टँकर यांवर अवलंबून असलेल्या घरांत पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

२०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. रामकुंडात किंवा त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात स्नान करायला उपचार झालेल्या रुग्णाला हरकत नाही. तीर्थ म्हणून ते पाणी प्राशन करणे मात्र टाळावे, आणि ते केवळ या जंतूसाठी टाळावे असे नाही. कावीळ, टायफॉइड आणि कॉलरा यांचीही भीती असते.

प्रौढ वयात खरोखर नव्याने संसर्ग होण्याचे प्रमाण कमी असते. पहिल्या वर्षभरात जंतू पुन्हा आढळला, तर बहुधा तो आधीचाच, न गेलेला असतो. यासाठीही योग्य वेळी केलेली पहिली तपासणी महत्त्वाची ठरते.

पोट सुधारले, पण थकवा जात नाही.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. हा जंतू लोह आणि बी-१२ या दोन्हींच्या शोषणात अडथळा आणतो, आम्लाच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही बी-१२ कमी होते, आणि शाकाहारी जेवणात ते आधीच थोडे असते. जंतू गेल्यावर लोहाच्या गोळ्या पूर्वीपेक्षा चांगल्या लागू पडतात. चहाबरोबर त्या घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात.

तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह आली. तोच कोर्स पुन्हा घ्यायचा का?

तोच घ्यायचा नाही. पहिल्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन असेल, तर दुसऱ्यात ते सहसा पुन्हा देत नाहीत. अमॉक्सिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि बिस्मथ यांना दाद न देण्याचे प्रमाण कमी असल्याने ती पुन्हा वापरता येतात. म्हणूनच पहिल्या कोर्सची चिठ्ठी आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या जपून ठेवाव्यात. ‘लाल-पिवळी कॅप्सूल आणि एक मोठी पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनावरून दुसरा कोर्स ठरवता येत नाही. किती गोळ्या चुकल्या, हेही न लाजता सांगावे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी केवळ ऐकीव असेल, तर तिची शहानिशा करून घ्यावी, कारण अमॉक्सिसिलिन वगळले की पर्याय फार थोडे उरतात. दोन कोर्स अपयशी ठरल्यास जंतूवर कोणते औषध चालते हे बायोप्सीवरून पाहण्याची सोय आहे का, ते पोटविकारतज्ज्ञांना विचारावे.

कर्करोगाची भीती वाटते. दरवर्षी तपासणी करत राहावी का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जंतूचा समावेश कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत असलेल्या घटकांत केला, हे खरे आहे. मात्र जंतू असलेल्यांपैकी फारच थोड्यांना तो कर्करोग होतो, आणि जंतू गेल्यावर ती जोखीम आणखी कमी होते. जठराचे अस्तर आधीच बरेच झिजलेले असेल किंवा त्यात आतड्यासारखे बदल झालेले असतील, तर जोखीम काही प्रमाणात शिल्लक राहते. बायोप्सीच्या अहवालात ‘अ‍ॅट्रॉफी’ किंवा ‘इंटेस्टायनल मेटाप्लेझिया’ असे लिहिले असल्यास दुर्बिणीची पुढची तपासणी किती वर्षांनी करायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. हे बदल नसतील, योग्य वेळी केलेली तपासणी निगेटिव्ह असेल आणि नवा त्रास नसेल, तर श्वासाची किंवा शौचाची तपासणी दरवर्षी करण्याची गरज नाही.